बांधाच्या अलीकडचे आणि पलीकडचे साप

मुंबई-रायगडच्या किनारपट्टीवर पाण्यात राहणारे साप चार निरनिराळ्या कुळांतले आहेत. भातखाचरातला विरोळा, खाजणातला श्वानमुखी पाणसाप, खाडीच्या तळाशी पडून राहणारा खरखरीत कातडीचा साप आणि भरतीबरोबर खाडीत शिरणारा समुद्रसाप यांचे आपसांतले नाते बरेच दूरचे आहे. तरीही नाकपुड्या वर सरकलेल्या, डोळे माथ्याकडे कललेले, श्वास बराच वेळ रोखून धरण्याची ताकद, अशी काही लक्षणे त्यांच्यात सारखी दिसतात, कारण प्रत्येकाला पाण्यातच पोट भरायचे आहे. म्हणून नवख्या निरीक्षकाने साप शोधण्याआधी पाणी ओळखायला शिकावे. ते गोडे आहे, मचूळ आहे की खारे. वाहते आहे की कोंडलेले. भरतीच्या आवाक्यात येते की नाही. इथे कोणता साप असू शकेल, याचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

या किनारपट्टीवरच्या उलव्याच्या परिसरात हे पाणी फार जवळजवळ बदलते. एका बाजूला पनवेलची खाडी, दुसरीकडे गव्हाण-जासईकडे पसरलेला सखल पट्टा आणि मधून आलेले ओढे. या भागात समुद्राला थोपवून भात पिकवण्याची रीत जुनी आहे. शिलोत्र पद्धतीने बांध घालून खारजमीन लागवडीखाली आणण्याची नोंद कुलाबा जिल्ह्याच्या 1883 च्या गॅझेटिअरमध्ये आहे. मातीचा बांध, त्यात पाणी सोडण्या-अडवण्यासाठी उघाडी, आत खाचरे आणि बाहेर तिवरांचे कांदळवन, अशी ही रचना. ओहोटीला उघाडीतून पावसाचे गोडे पाणी बाहेर जाते, भरतीला तिची झडप मिटते. काही पावलांच्या रुंदीचा हा बांध माणसाने शेतीसाठी घातला खरा, पण पाणसापांच्या दृष्टीने तो दोन मुलखांची सरहद्द ठरला. या पुस्तकाचा सगळा विचार त्या सरहद्दीभोवती फिरतो.

बांधाच्या आत राज्य विरोळ्याचे. कुठे त्याला पाणदिवड म्हणतात, कुठे नुसती दिवड. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके आणि डोळ्याखालून ओठाकडे उतरणाऱ्या दोन काळ्या रेघा, ही त्याची खूण. मासे आणि बेडूक हा आहार. बिनविषारी असला तरी स्वभावाने तापट. डिवचला तर मान चपटी करून पुढचे अंग उचलतो, आणि हीच ऐट त्याच्या जिवावर उठते, कारण बघणाऱ्याला नाग दिसतो आणि काठी शोधली जाते. त्याच पाण्यात मळकट हिरव्या रंगाचा, पोटाकडे पिवळसर असलेला ऑलिव्ह पाणसाप असतो. शेवाळाखाली तो सहसा नजरेला पडत नाही. बांधावरच्या गवतात नानेटी असते. ती पाणसापांची भाऊबंद, पण ओलाव्याच्या कडेकडेने राहणारी.

बांधाबाहेर चित्र पालटते. श्वानमुखी पाणसाप हा चिखलाचा आणि मचूळ पाण्याचा रहिवासी. रंग चिखलाचाच, डोळे बारीक आणि वर बघणारे, खालचा जबडा जरा पुढे आलेला. विषदंत जबड्याच्या मागच्या बाजूला असतात आणि विष सौम्य, माणसाला धोका नसलेले. शरीरातले जादा मीठ बाहेर टाकणारी ग्रंथी या सापाच्या तोंडाच्या पुढच्या टोकाशी असते. विरोळ्याकडे अशी सोय नाही. ओहोटीनंतर चिखलात राहिलेल्या डबक्यांतले निवटे आणि इतर लहान मासे हे श्वानमुखी पाणसापाचे भक्ष्य. तो तिवराच्या श्वासमुळाला शेपटीचा विळखा घालून वाहत्या पाण्यात तोंड धरून थांबतो आणि अंगाला स्पर्श झालेला मासा झटक्यात पकडतो. चिखल फार निसरडा असला तर वाळवंटातल्या सापांप्रमाणे अंग आडवे टाकत पुढे सरकतो. सकाळी चिखलावर दिसणाऱ्या एकमेकांना समांतर तिरप्या रेघा या चालीच्या असतात, आणि रात्री साप दिसला नसला तरी तो येऊन गेल्याचे त्या सांगतात.

त्याच कुळातला गेरार्डा हा त्याहून दुर्मीळ, जेमतेम दीड फुटांचा, गुळगुळीत खवल्यांचा साप. साप भक्ष्य अख्खे गिळतात, हा पाठ्यपुस्तकातला नियम. ब्रूस जेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात या नियमाला अपवाद नोंदवला. नुकतेच कवच टाकलेला मऊ खेकडा गेरार्डा पकडतो, स्वतःच्या शरीराचा वेढा करून त्यातून तो ओढतो आणि त्याचे तुकडे तोडून खातो. निरीक्षणे सिंगापूरच्या सापांवर झाली. साप मात्र कोकण किनाऱ्याचाही आहे. असा प्रसंग आपल्या खाजणात कॅमेऱ्याने टिपला गेला, तर त्याचे मोल एका सुंदर छायाचित्रापेक्षा कितीतरी जास्त असेल.

खाडीच्या आणखी खालच्या भागात ढिल्या, दाणेदार कातडीचा साप असतो. जाळ्यात आला की तो मलूल पडून राहतो आणि जमिनीवर त्याला धड सरपटताही येत नाही. समुद्रसापाची गोष्ट वेगळी. बाकदार नाकाचा समुद्रसाप खाडीच्या तोंडाशी येतो आणि त्याचे विष प्राणघातक असते. त्याची शेपटी वल्ह्यासारखी चपटी, पाणसापांची निमुळती आणि गोल. खाडीकाठी जाणाऱ्याने आणखी काही पाठ केले नाही तरी चालेल, पण शेपटीतला हा फरक पाठ हवा.

प्रजननातला फरक तर बांधाशी थेट जोडलेला आहे. विरोळा आणि ऑलिव्ह पाणसाप अंडी घालतात. त्यासाठी त्यांना कोरडी, भुसभुशीत माती लागते. बांधातल्या भेगा, उंदरांची बिळे, गवताखालची पोकळी. श्वानमुखी पाणसाप आणि गेरार्डा पिले देतात, त्यांना कोरड्या जमिनीची गरज पडत नाही. म्हणजे मातीचा बांध काढून काँक्रीटची भिंत उभी राहिली की अंडी घालणारे साप आधी हटतात, पाणी आणि बेडूक जागेवर असले तरी. याउलट खाडीची वाट भराव टाकून बंद झाली की भरती थांबते, आणि कांदळवन काही काळ उभे दिसले तरी त्याखालचा पिले देणारा साप निघून जातो. केवळ प्रजातींची यादी करणाऱ्याला ही गोष्ट कळत नाही. बांधावर पुन्हापुन्हा जाणाऱ्याला कळते.

या विषयाचा अभ्यास आपल्याकडे किनाऱ्यावरूनच सुरू झाला, मात्र पूर्व किनाऱ्यावरून. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतला डॉक्टर पॅट्रिक रसेल विशाखापट्टणम भागात सापांची चित्रे काढून घेत होता. त्याचा ग्रंथ 1796 मध्ये निघाला. त्यात लॅटिन नावे नव्हती, तिथल्या लोकांनी सांगितलेली नावे होती. योहान श्नायडर याने 1799 मध्ये ती चित्रे पाहून विरोळा आणि श्वानमुखी पाणसाप यांना शास्त्रीय नावे दिली. ही दोन्ही जनावरे त्याने जिवंत पाहिली नव्हती, आणि पाणसापांच्या अभ्यासाची पुढची शंभर-दीडशे वर्षे बरीचशी अशीच गेली. अल्बर्ट ग्युंथर (1864), जॉर्ज बुलेंजर (1890) आणि माल्कम स्मिथ (1943) यांचे ग्रंथ हा या संग्रहालयी परंपरेचा कणा. खवल्यांच्या ओळी मोजणे, ओठावरचे कोणते खवले डोळ्याला टेकतात हे बघणे, ही शिस्त त्यांनी घालून दिली, आणि ती आजही मोडीत निघालेली नाही. विरोळ्याच्या अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या 19 ओळी असतात आणि ओठावरचा चौथा व पाचवा खवला डोळ्याला टेकतो, हे चांगल्या छायाचित्रात मोजता येते.

दुसरी परंपरा मुंबईत वाढली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 मध्ये स्थापन झाली आणि तिच्या नियतकालिकात फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टराने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत भारतातल्या सामान्य सापांवर लेखमाला लिहिली. वॉल मोजमापे घेई, तसाच सापाचे खाणेपिणे, स्वभाव, अंड्यांची संख्या हेही टिपून ठेवी. पाणसाप कसे जगतात, यावर आज जे लिहिले जाते त्याचा पाया बऱ्याच अंशी त्याच्या टिपणांत सापडतो.

परळच्या हाफकिन संस्थेमुळे मुंबईतल्या सर्पाभ्यासाला तिसरे वळण मिळाले. तिथे काम केलेले डॉ. पी. जे. देवरस यांचे ‘स्नेक्स ऑफ इंडिया’ 1965 मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने काढले आणि ते सामान्य वाचकांपर्यंत पोचले. मात्र सर्पदंश हा ऐरणीवरचा प्रश्न असल्याने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या पुढे बाकीचे साप मागे पडले. ‘बिनविषारी’ या एका शिक्क्याने विरोळ्याचा जीव थोडाफार वाचला असेल, पण त्याच्याविषयीची उत्सुकताही त्याच शिक्क्याने संपवली.

पुढे रोम्युलस व्हिटेकर यांचे 1978 चे क्षेत्रपुस्तक, जे. सी. डॅनियल यांचा 1983 चा ग्रंथ, आणि मराठी मुलखात नीलिमकुमार खैरे यांचे काम आले. कात्रजच्या सर्पोद्यानाने 1980 च्या दशकात पुण्यात एका पिढीला साप जवळून दाखवला. सर्पमित्र नावाची जमात याच काळात महाराष्ट्रभर पसरली. तिचे उपकार मोठे आहेत. पण तिने साप बघण्याची एक सवयही लावली, ती म्हणजे हातात धरलेला साप. पाणसापाच्या बाबतीत ही सवय विशेष तोट्याची, कारण पाण्याबाहेर काढलेल्या पाणसापाकडून शिकण्यासारखे फारसे काही उरत नाही. 2004 मध्ये व्हिटेकर आणि पुण्याचे छायाचित्रकार अशोक कॅप्टन यांचे ‘स्नेक्स ऑफ इंडिया’ निघाले आणि संग्रहालयाची शिस्त कॅमेऱ्याच्या हाती आली. ओळख पटवणारे खवले नीट दिसतील असे छायाचित्र कसे घ्यावे, याचा धडा भारतातल्या बहुतेक हौशी लोकांनी याच पुस्तकातून गिरवला.

छायाचित्रणाच्या आज ठळकपणे तीन रीती दिसतात. पहिली ओळखचित्राची: साप स्थिर, प्रकाश सपाट, पार्श्वभूमी पांढरी किंवा धूसर. दुसरी रंगतदार चित्राची: पाण्याचा थेंब, बाहेर आलेली जीभ, मागे सोनेरी धुक्यासारखा प्रकाश. तिसरी अधिवासचित्राची, ज्यात साप चौकटीचा दहावा हिस्सा व्यापतो आणि बाकी जागेत उघाडी, तिवर, चिखल, दूरच्या इमारती दिसतात. समाजमाध्यमांवर दुसऱ्या रीतीला सर्वाधिक दाद मिळते. दहा वर्षांनी मात्र तिसरीच कामाला येईल. पाण्याची कड कापून टाकलेले विरोळ्याचे चित्र उलव्यातले की उत्तर प्रदेशातले, हे कोणी सांगू शकत नाही. त्याच चित्रात उघाडीचा एक दगड आला असता तर ती नोंद झाली असती. या पुस्तकाचा कल उघडपणे तिसऱ्या रीतीकडे आहे आणि पहिलीला तो पूरक मानतो.

प्रत्यक्ष कामात सगळ्यात आधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक लागते. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी साडेचार मीटरच्या वर चढते. भांगाच्या दिवसांत चढउतार कमी. श्वानमुखी पाणसाप पाहायचा तर अंधार पडल्यावर येणारी ओहोटी गाठावी. पाणी फिरण्याची वेळ लक्षात ठेवावी. चिखलात पाय रुतलेल्या माणसाला भरती थांबून राहत नाही. विरोळ्यासाठी सकाळची कोवळी उन्हे बरी. तो बांधाच्या उतारावर अंग शेकत असतो, किंवा पाण्याबाहेर फक्त डोके काढून तरंगतो. जूनच्या पहिल्या दमदार पावसात वलगणीचे मासे ओढ्यांतून खाचरांत चढतात, तेव्हा विरोळे त्यांच्या वाटेवर जमतात. गावची पोरे-माणसे टोपल्या-जाळी घेऊन तिथेच असतात, आणि साप व माणूस एकाच घळीत मासे धरताना दिसतात.

ओल्या खवल्यांवर आकाश चमकते आणि चित्रात सगळे तपशील पांढरे पडतात. ध्रुवीकरण फिल्टरने ही चमक उतरते, पण त्याबदल्यात दीड-दोन स्टॉप प्रकाश जातो; पहाटे हा सौदा परवडत नाही. लांब पल्ल्याची लेन्स घेऊन, पोटावर झोपून, सापाच्या डोळ्याच्या पातळीवरून घेतलेले चित्र उभ्याने वरून घेतलेल्यापेक्षा नेहमी सरस ठरते. रात्री थेट फ्लॅश टाळून मऊ केलेला, बाजूने येणारा प्रकाश वापरावा. माशाला डोक्याकडून गिळत असलेल्या सापाजवळ सरकू नये. घाबरला तर तो भक्ष्य ओकून टाकतो आणि एका चित्रापायी त्याची मेहनत वाया जाते. मोबाइलनेही नोंद होते. ओठाची बाजू, डोक्याचा माथा, पूर्ण अंग आणि भोवतालची जागा एवढे चार कोन मिळाले आणि सोबत वेळ, पाण्याची चव व भरतीची स्थिती लिहिली, तर आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल यांसारख्या संकेतस्थळांवर ती कोणाही अभ्यासकाच्या उपयोगी पडते.

कायद्याची बाजू थोडक्यात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये परवानगीवाचून साप पकडणे, बाळगणे किंवा खेळवणे हा गुन्हा आहे. विरोळा, ऑलिव्ह पाणसाप आणि श्वानमुखी पाणसाप हे तिघेही 2022 च्या दुरुस्तीपूर्वी या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत नावानिशी होते. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या ‘साइटिस’ कराराच्या तिसऱ्या परिशिष्टातही भारताच्या सांगण्यावरून ते नोंदलेले आहेत. एकेकाळी देशातून सापाच्या कातड्याचा मोठा व्यापार चाले, हे लक्षात घेतले की ही काळजी समजते. कांदळवनांना मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 च्या अंतरिम आणि 2018 च्या अंतिम निकालाचे संरक्षण आहे.

हे सगळे आताच लिहिण्याचे कारण उलव्यात डोळ्यांपुढे आहे. नवी मुंबई वसवणारी सिडको 1970 मध्ये स्थापन झाली, न्हावा-शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झाले, तरी उलव्याचा पट्टा बराच काळ शेती, मिठागरे आणि मासेमारीचाच राहिला. नंतर वेग वाढला. नवी मुंबई विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, कोपर, कोल्ही, चिंचपाडा यांच्यासह दहा गावे हलली, उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू आणि खारकोपर-उरण रेल्वे सुरू झाली, ऑक्टोबर 2025 मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य आणि 2022 मध्ये रामसर स्थळ हा दर्जा मिळाला. उरणच्या पाणजे पाणथळीसाठी पक्षीप्रेमी झगडत आहेत. या सगळ्या लढ्यांत पक्षी पुढे असतात, ते साहजिकही आहे. पण पक्षी उडून दुसऱ्या पाण्यावर बसतो. पाणसापाला हे जमत नाही, म्हणून एखाद्या पाणथळीत पाणी अजून खेळते आहे की नुसते साचले आहे, याची खबर तो अधिक नेमकी देतो.

दुसरे कारण माणसांचे. बांध, उघाडी, वलगण, भांग हे शब्द आणि त्यांमागचे ज्ञान आगरी-कोळी घरांत होते. जमिनी गेल्या, तशी उघाडी चालवणारी माणसेही पांगली. कोणत्या पावसात कुठल्या घळीत विरोळे जमतात, हे त्यांना माहीत होते. शास्त्रीय नियतकालिकांत ते कधी आले नाही. नव्या इमारतींत राहायला आलेल्यांना तोच साप वाहनतळात दिसतो आणि हेल्पलाइनला फोन जातो. साप वाट चुकलेला नसतो, त्याच्या वाटेवर भिंत आलेली असते.

प्रस्तुत पुस्तक शास्त्रीय आणि स्थानिक, अशा या दोन प्रकारच्या माहितीला एकत्र आणण्याचा प्रयत्न करते. ते प्रजातींचा कोश नाही. त्यासाठी व्हिटेकर-कॅप्टन यांचे पुस्तक हाताशी ठेवावे. श्वानमुखी पाणसाप आणि गेरार्डा यांच्या होमॅलॉप्सिड कुळाच्या सविस्तर अभ्यासासाठी जॉन मर्फी यांचा 2007 चा ग्रंथ आहे. इथे मांडणी पाण्यानुसार केली आहे: खाचर, ओढा, उघाडी, खाजण, खाडी. त्यामुळे एकच साप दोन ठिकाणी भेटेल आणि काही ठिकाणी साप न भेटता फक्त जागेचे वर्णन मिळेल. शास्त्रीय नावे आजच्या वर्गीकरणानुसार आहेत, म्हणून जुन्या पुस्तकांत झेनोक्रोफिस या वंशात असलेला विरोळा इथे फाउलिया म्हणून येतो. स्थानिक नावे गावागणिक बदलतात. ती जशी ऐकू आली तशी दिली आहेत. हातात धरलेल्या सापाचे एकही छायाचित्र पुस्तकात नाही. गेरार्डासारख्या दुर्मीळ सापांच्या जागा नकाशावर मुद्दाम ढोबळ ठेवल्या आहेत, आणि ज्या पाणथळींवर भराव पडला आहे त्या मात्र नावानिशी, जुन्या छायाचित्रांसह दाखवल्या आहेत.